गाडीला अरे-तुरे

मागच्या अंकात गुलाबांच्या छाटणीवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: हिवाळ्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातली माणसं गाड्या झाकून ठेवतात आणि त्या गाड्यांवर शेक्सपिअरच्या थाटात कविता पाडतात. गुलाबांबद्दल एकही पत्र आलं नाही. या एका वाक्यावर मात्र पत्रांचा ढीग आला. तेव्हा या महिन्यात गुलाब राहू देत.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची कोल्हापूरची, तिथल्या एका कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. घरातल्या गृहस्थांची नोकरी इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला, म्हणून इथे आले, त्याला आता चौतीस वर्षं झाली. क्लबात गेले ती गाड्यांच्या प्रेमानं नव्हे, मंगळवारी रात्री घरात एकटीनं बसायचा कंटाळा यायचा म्हणून.

प्रश्न: मोठी, नातवंडं असलेली माणसं असला पोरखेळ खरंच करतात? आणि गाड्या झाकून कशासाठी ठेवायच्या? गाडी चालवायलाच असते ना? — एक वाचक, नाशिक

करतात. चष्मा नाकावर घेऊन, कागद हातात धरून, अगदी गंभीर तोंडानं करतात. हसायचं काम ऐकणाऱ्यांचं.

गाड्या झाकण्याचं कारण मीठ. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे रात्री लॉऱ्या भरभरून मीठ टाकतात. चेशायरमधल्या विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. खाणीतलं तपकिरी मीठ म्हणजे आपल्या उपासाच्या सैंधवाचंच भावंड. ते ओलं होऊन गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खायला लागतं. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, त्या तग धरतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचं तसं नाही. दाराखाली जी लांब पट्टी असते, तिला इथे सिल म्हणतात. ती आतून पोकळ असते. मिठाचं पाणी आत शिरलं की वरून रंग झकास दिसतो आणि आतून पापड झालेला असतो. बोट दाबलं तर आत जातं. मी दाबलेलं आहे, दुसऱ्याच्या गाडीत, आणि त्याबद्दल दोन आठवडे बोलणी खाल्ली आहेत.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा इथला चातुर्मास. गंमत बघा, आपले देव कार्तिकात उठतात आणि साधारण त्याच सुमाराला इथल्या गाड्या झोपतात. झोपवण्याचाही विधी आहे. टाकी भरायची, टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरायची म्हणजे एकाच जागी उभं राहून ते चपटे होत नाहीत. हँडब्रेक सोडून चाकांखाली विटा लावायच्या, नाहीतर ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटून बसतात. बॅटरीला बारीक करंटचा चार्जर लावायचा. उंदीर शिरू नये म्हणून धुराच्या नळकांड्यात तारेचा चोथा कोंबायचा, आणि मार्चमध्ये तो काढायला विसरायचं.

हे सगळं दोन शनिवारांत आटपतं. पुढे चार महिने माणूस रिकामा. महिन्यातून एकदा पबच्या मागच्या खोलीत बैठक भरते, तिला क्लबवाल्यांच्या भाषेत ‘नॉगिन अँड नॅटर’ म्हणतात. पेला आणि पाल्हाळ, असं समजा. उन्हाळ्यात कोण कुठे बंद पडलं हा विषय असतो. हिवाळ्यात कोणी कुठे गेलेलंच नसतं, त्यामुळे बंद पडण्याचाही प्रश्न नाही. क्लबाच्या पत्रिकेला जानेवारीत छापायला मजकूर नसायचा. एका वर्षी कुणीतरी शेक्सपिअरच्या नाटकातल्या तिसऱ्या रिचर्ड राजाची ती प्रसिद्ध ओळ, ‘नाउ इज द विंटर ऑफ अवर डिसकन्टेन्ट’, मथळ्याला घेऊन खाली आपल्या गॅरेजातल्या गळक्या छपरावर आठ ओळी लिहिल्या. त्याला दुसऱ्यानं फेब्रुवारीत उत्तर दिलं. तिथून ही साथ पसरली.

मी मास्तरीण असल्यामुळे एक टोचणी लावून आले. ही ओळ सगळे अर्धीच म्हणतात. नाटकात वाक्य पुढच्या ओळीत जातं आणि अर्थ उलटा होतो: आमच्या असंतोषाचा हिवाळा आता वैभवशाली उन्हाळा झाला आहे. म्हणजे हिवाळा संपल्याची ओळ ही मंडळी हिवाळा सुरू झाल्यावर म्हणत होती. मी सांगितलं, ही तुमच्याकडे एप्रिलपर्यंत ठेव म्हणून राहू द्या. त्या दिवसापासून मला पंच नेमलं.

याच राजावर क्लबाचं फार प्रेम. रणांगणात ‘घोडा द्या, घोड्यासाठी राज्य देतो’ म्हणून ओरडणारा हा राजा १४८५ मध्ये पडला. त्याची हाडं २०१२ मध्ये इथून तासाभरावरच्या लेस्टर शहरात सापडली, ती पार्किंगच्या खाली. पाचशे वर्षांहून जास्त काळ त्याला वाहन मिळालं नाही आणि शेवटी डोक्यावर गाड्याच गाड्या! यावर आमच्या पत्रिकेत आतापर्यंत चौदा कविता आल्या. पंधरावी मी छापू देणार नाही.

प्रश्न: मावशी, मी मूळचा सांगलीचा, दीड वर्षापूर्वी कामासाठी लेमिंग्टनला आलो. एका गॅरेजकडून १९७४ ची एमजीबी गाडी घेतली, सिल नवीन आहेत असं ते म्हणाले, आणि इथल्या एका क्लबात नाव घातलं. डिसेंबरात गाडी सुरूच होत नव्हती. आता जानेवारीच्या बैठकीत नव्या सभासदानं गाडीवर शेक्सपिअरी कविता म्हणायची असते असं कळलं. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. ‘दाउ आर्ट माय कार, आय लव्हेथ दी’ एवढं लिहून अडकलोय. इंग्रजांसमोर हसं व्हायला नको. मला ‘तू’च म्हणा. — एक वाचक, लेमिंग्टन स्पा

‘तू’ म्हणायला सांगितलंस हे फार बरं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

तुझ्या क्लबातल्या इंग्रजांना वाटतं की ‘दाउ’ हा दरबारी शब्द आहे, मुजरा करून म्हणायचा. आमच्या क्लबातही तसंच वाटायचं. खरं तर ‘दाउ’ म्हणजे तू, आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही बाजारात चालू होते. पुढे इंग्रजांनी सरसकट सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला सुरुवात केली, अगदी कुत्र्यालासुद्धा, आणि त्यांचा ‘तू’ उरला तो प्रार्थनेत आणि काही खेड्यापाड्यांत. चर्चमध्ये कानावर पडतो म्हणून तो आदरार्थी असणार, असा त्यांनी समज करून घेतला. आपला असा घोटाळा होत नाही. आपण विठोबाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, बैलाला तू म्हणतो. सासऱ्याला म्हणत नाही. जिथे जीव जडलाय तिथे तू, हे तुला कुणी शिकवलेलं नाही, तरी तुला ते येतं. इंग्रजाला ते पुस्तकात वाचावं लागतं. तेव्हा हसं कुणाचं व्हायचं ते नीट ठरव.

शिवाय ‘तू’ आणि ‘दाउ’ हे शब्द नात्यातले आहेत. संस्कृतचा ‘त्वम्’, लॅटिनचा ‘तू’, इंग्रजीचा ‘दाउ’, सगळे एकाच जुन्या घराण्यातले. म्हणून मराठीवरून चालव, चुकणार नाहीस. तू म्हणजे दाउ. तुला म्हणजे दी. तुझा म्हणजे दाय, आणि पुढे स्वर आला की दाइन: दाय गिअरबॉक्स, पण दाइन इंजिन. क्रियापदाचंही तसंच. ‘तू खोकतेस’ला ‘दाउ कफेस्ट’, दोन्हीकडे तो स ऐकू येतो बघ. ‘ती खोकते’ला ‘शी कफेथ’. आणि ‘मी’ला काहीही लागत नाही. ‘आय लव्हेथ’ हे ‘मी प्रेम करते’ असं तू, एका बाप्यानं, म्हटल्यासारखं आहे. आमच्याकडे या चुकीला पन्नास पेन्स दंड आहे. ‘एथ’ हा मसाला आहे असं समजून लोक तो दिसेल त्या शब्दावर भुरभुरवतात. दंडाचा डबा डिसेंबरात रिकामा असतो आणि मार्चपर्यंत भरतो.

आता ‘तू’ची दुसरी बाजू. परक्या माणसाला तू म्हटलं की काय होतं? शिवी होते. आपण म्हणतो ना, मला अरे-तुरे करू नकोस. इंग्रजीत तेव्हा याला चक्क क्रियापद होतं, ‘टू दाउ’. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर!’ म्हणजे, तुला अरे-तुरे करतो, गद्दारा! आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये भांडण लावून देणारा सर टोबी सल्ला देतो की आव्हानाच्या पत्रात त्याला दोन-तीनदा ‘दाउ’ म्हण, वाया जाणार नाही. हे मी क्लबात वाचून दाखवलं त्या रात्री पार्किंगची पावती फाडणाऱ्यावर तीन कविता झाल्या, सगळ्या ‘दाउ’नं सुरू होणाऱ्या.

याचा तुला फायदा असा की एकाच कवितेत दोन्ही वापरता येतात. नाटकांत पात्रं तसं करतात, राग-लोभ बदलला की ‘यू’चं ‘दाउ’ आणि ‘दाउ’चं ‘यू’ होतं. आपली आई नाही का, पोरगं उशिरा घरी आलं की म्हणते, ‘या महाराज, बसा, ताट वाढू का?’ तिथे ते ‘या, बसा’ कानफटीत मारल्यासारखं लागतं. तुझी एमजीबी डिसेंबरात सुरू होत नव्हती असं तू लिहिलंयस. मग पहिल्या चार ओळी तिला कोरडं ‘यू’ कर. एकदा का इंजिननं उचकी दिली की ‘दाउ’वर ये. ऐकणाऱ्यांना का ते कळणार नाही, पण कानाला कळेल.

छंदाचं थोडक्यात सांगते. ओळीत दहा अक्षरं, एक हलकं एक जड, अशा पाच जोड्या. आपल्या लगक्रमाच्या भाषेत ल-गा, ल-गा, ल-गा, ल-गा, ल-गा. फरक एवढाच की मराठीत आपण मात्रा मोजतो, इंग्रजीत आघात ऐकायचा. गाडीवाल्याला हे लवकर जमतं, कारण चुकलेला आघात म्हणजे चुकलेला सिलिंडर. माझ्या एका नमुन्याच्या दोन ओळी घे, हव्या तर तुझ्या म्हणून खपव:

दाय चोक इज आउट, दाय प्लग्ज आर ब्लॅक विथ सुट,
अँड येट आय प्रेस दी विथ अ होपफुल फुट.

चोक ओढलेला, प्लग काजळीनं काळे, तरी आशेनं पाय दाबतो आहे, एवढाच मजकूर. एखाद्या ओळीत अकरावं अक्षर आलं तर घाबरू नकोस. ‘टू बी ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’ बोटांवर मोज. अकरा भरतात.

शेवटचे दोन खड्डे दाखवून ठेवते. ‘व्हेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का. गच्चीवर उभी असलेली ज्युलिएट ‘रोमिओ, तू कुठे आहेस’ असं विचारत नसते. ‘तू रोमिओच का’ असं विचारत असते, दुसऱ्या कुठल्या घराण्यातला का नाहीस म्हणून. आमच्याकडे एकानं ‘व्हेअरफोर आर्ट दाउ, हाफ-इंच स्पॅनर’ अशी हाक घातली, पाना हरवला म्हणून. मी दंड लावला. तो म्हणाला, दंड माफ करा, कारण नट मिलिमीटरचा आहे आणि ‘तू अर्धा इंचच का’ हीच माझी खरी तक्रार आहे. माफ केला. आणि पबच्या पाटीवर ‘ये ओल्ड’ लिहिलेलं असतं त्यातलं ‘ये’ हे ‘द’ आहे. जुन्या लिपीतलं थ-द चं अक्षर वाय-सारखं दिसायचं, छापणाऱ्यांनी वायच वापरला. कवितेत ‘ये’ म्हणून घातलंस तर पन्नास पेन्स घेऊन ये.

जाता जाता, कवितेबाहेरचं. ज्या गॅरेजनं तुला गाडी विकताना सिल नवीन आहेत असं सांगितलं, त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पट्टीवरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

प्रश्न: आयुष्यातली एकतीस वर्षं मी शेक्सपिअर शिकवण्यात घालवली. आपणही प्राध्यापिका होता. पाने-पेचकस घेऊन बसलेल्या मंडळींनी महाकवीची अशी टिंगल करावी आणि आपण त्यात पंच व्हावं, याचा खेद वाटला. — एक निवृत्त शिक्षक, मिरज

सर, नमस्कार. आपला खेद पोचला. पण आपण ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ नक्कीच शिकवलं असेल. त्यातले सहा कारागीर आठवा: सुतार, जोडारी, विणकर, भाता दुरुस्त करणारा, कल्हईवाला आणि शिंपी. दिवसभराचं काम संपल्यावर हे सहाजण अथेन्सच्या ड्यूकच्या लग्नासाठी नाटक बसवतात. नाटकातला खोडकर पक त्यांना काय म्हणतो? ‘रूड मेकॅनिकल्स’. अर्थ हातानं कष्ट करणारे अडाणी लोक असा, पण ही दोन शब्दांची पदवी मी वाचून दाखवली तेव्हा आमच्या क्लबातल्या निवृत्त फिटरांनी टेबलं बडवली. यंदा त्यांच्या टी-शर्टवर तेच छापलंय.

आणि त्यातला विणकर बॉटम, आपण मोठा नट आहोत हे दाखवायला, पहिल्याच प्रवेशात एक भारदस्त कवन ठोकतो. खडक गर्जतात, तुरुंगाची दारं फुटतात, आणि मग येते ‘फिबसची कार’, दुरून झळकणारी. फीबस म्हणजे सूर्य. बॉटमला तो उच्चारही धड येत नाही. ‘कार’ म्हणजे रथ. म्हणजे जुन्या, फुगलेल्या नाटकी काव्याची टिंगल, कारागिराच्या तोंडी, आणि विषय गाडी! आम्ही करतो ते याहून वेगळं काय आहे, सांगा. टिंगल पहिल्यांदा त्यांनीच केली, आम्ही चारशे वर्षं उशिरा आलो.

मराठीत तर आपल्याला याची सवय असायला हवी. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा ज्यांची विडंबनं झाली त्या कवितांचं काही बिघडलं नाही. विडंबन करायला मूळ कविता कानात असावी लागते. आमचा एक सभासद, उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीकडचा, आयुष्यभर बस चालवली. शाळेत शेक्सपिअर त्याला विष वाटायचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं चौदा ओळींचं सॉनेट लिहायला घेतलं आणि यमकांची वीण कळावी म्हणून १६०९ च्या त्या १५४ सॉनेटांपैकी साठ वाचून काढली. ती मला येऊन म्हणून दाखवली, सर. गॅरेजमध्ये, हातमोजे घालून. तुमच्या-माझ्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलांनीसुद्धा एवढी वाचली नसतील.

खेद थोडा कमी झाला असेल अशी आशा करते. नसेल तर फेब्रुवारीत या, पन्नास पेन्सचा डबा आपल्या हातात देते.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. आमच्या ग्रुपमध्ये दहा-बारा जुन्या गाड्या आहेत, पण पावसाळाभर सगळं बंद असतं. तुमच्यासारखा खेळ मराठीत जमेल का? की इंग्रजीतच करावा लागेल? — एक वाचक, पुणे

आधी तुमच्या गाडीचं अभिनंदन, कारण तिचं माहेर आमच्या गावात आहे. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ पासून कॉव्हेन्ट्रीत बनायची, आणि १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. इथे एका सभासदाकडे थोरली बहीण आहे. तिचं बॉनेट तुमच्यासारखंच चाकांवरच्या मडगार्डांसकट पुढे उघडतं आणि मालक तासन्‌तास आत डोकं घालून बसतो.

मराठीत का नाही जमणार? तुमचा चातुर्मास तर खरा चातुर्मास आहे. इंग्रजी ढंग मात्र उसना घेऊ नका. शेक्सपिअरचं भाषांतर करत बसलात तर ते गाईडसारखं वाजेल. इंग्रज ज्याकडे नाटकी, जुनं, भारदस्त म्हणून बघतो, त्या जागी आपल्याकडे वृत्तं आहेत. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं, त्याला आपण सुनीत म्हणतो, आणि सुनीताचं लाडकं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर दम घ्यायचा. मंगलाष्टकांमुळे ते प्रत्येक मराठी माणसाच्या कानात आहे, त्यामुळे गाडीवर म्हटलं की आपोआप अंतरपाट धरल्यासारखं वाटतं. मी तुमच्यासाठी चार ओळी केल्या, त्याच चालीत म्हणून बघा:

आली श्रावणधार, दार मिटले, गाडी निजे ही घरी,
मेली बॅटरि, टायरांत न हवा, उंदीर सीटावरी;
सोडोनी तुजला पहा फिरतसे रिक्षात मी बापडा,
येवो आश्विन, चोक ओढिन तुझा, वाजीव तू चौघडा!

‘बॅटरि’ आणि ‘ओढिन’ हे वृत्तासाठी ऱ्हस्व केले आहेत, मोरोपंतांनी याहून जास्त सवलती घेतल्या. चौघडा म्हणजे तुमच्या हेराल्डचे चार सिलिंडर. आश्विन यासाठी की दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून सीमोल्लंघन करायचंच असतं, त्याहून चांगला मुहूर्त इंग्रजांकडेही नाही. आणि बघा, पहिल्या दोन ओळींत गाडी ‘ती’ आहे, तिसरीत ती ‘तू’ झाली. हे मी ठरवून केलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर झालं.

प्रश्न: तुमची स्वतःची गाडी कोणती, आणि तिच्यावर तुम्ही काय लिहिलंत? — एक वाचिका, ठाणे

मी काही लिहिलं नाही. पंचानं बॅट धरायची नसते.

गाडी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९६८ ची, हिरवी. पुढून नेहमीची गाडी, मागून लाकडी कपाट. मागच्या अर्ध्या भागाची चौकट ॲश नावाच्या लाकडाची असते आणि ती शोभेची नाही, छप्पर तिच्यावरच उभं असतं. लोकांच्या गाड्या गंजतात, आमची कुजते. एका फेब्रुवारीत मागच्या दाराच्या कोपऱ्यात अळंब्या उगवल्या होत्या. यांनी त्यांचा फोटो काढून क्लबात फिरवला आणि त्या दिवशी गाडीचं नामकरण झालं: बर्नम. मॅकबेथला चेटकिणी सांगतात ना, बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही. चालणारं लाकूड म्हणून बर्नम.

एप्रिलच्या उत्तरार्धात इथे एका रविवारी ‘ड्राइव्ह इट डे’ असतो. २३ एप्रिल १९०० ला लंडनहून साठाहून जास्त मोटारी हजार मैलांच्या फेरीवर निघाल्या होत्या, त्याची आठवण म्हणून देशभर जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात. २३ एप्रिल हीच शेक्सपिअरच्या जन्माची मानलेली आणि मृत्यूची पक्की तारीख. हे क्लबात कळलं तेव्हापासून आमची फेरी दर वर्षी स्ट्रॅटफर्डला जाते. वीस मैल, केनिलवर्थ आणि वॉरिकवरून.

गेल्या वर्षी त्या सकाळी सगळ्या गाड्या पबच्या आवारात रांगेत धुगधुगत होत्या आणि बर्नम गप्प. यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मग डॅशबोर्डवर हात फिरवत हळूच म्हणाले, ‘चल गं बाई, चल. अशी काय करतेस?’ पस्तीस वर्षांत यांना कविता म्हणताना मी ऐकलेलं नाही. बार्न्सलीचा तो बसवाला खिडकीशी वाकून उभा होता. मला म्हणाला, काय म्हणाले ते? मी सांगितलं, ‘दाउ’नं बोलले. तो म्हणाला, हो ना, माझी आजी कोंबड्यांशी अशीच बोलायची.

गाडी काही सुरू झाली नाही. चौघांनी कोट काढून ठेवले आणि उतारापर्यंत ढकलत नेली. कुणीतरी ओरडलं, हे चालणार नाही, जंगलानं स्वतः चालायला हवं. पंच म्हणून मला निकाल द्यावा लागला. नाटकात जंगल चालत आलं ते सैनिकांनी फांद्या तोडून हातात धरल्या म्हणून. तेव्हा ढकलणं संहितेला धरूनच आहे. ढकला.